गाव तात्यांचं, सासर काकूंचं : एका टूलरूम कामगाराच्या रिटायरमेंटचं पूर्ण प्रकरण

मी पिंपरी-चिंचवडमधल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शनची कामं करते, त्यामुळे रिटायर होणारी माणसं माझ्याकडे शेवटच्या वर्षात येतात, काही तर शेवटच्या महिन्यात. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण यातला मुख्य प्रश्न मला घरोघरी दिसतो आणि त्याच्यावर फारसं कोणी बोलत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. दोघांना इथे तात्या आणि काकू म्हणते, मी समोर पण तसंच म्हणते.

तात्या मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढचं गाव. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत १९९७ ला लागले, टूलरूममध्ये, लेथ आणि ग्राइंडिंग. मार्च २०२४ ला ५८ पूर्ण झाले आणि रिटायर झाले. शेवटचा पगार हातात चाळीसच्या आसपास, त्यातलं बेसिक-डीए २६ हजार. भोसरीत स्वतःचा वन बीएचके, कर्ज फिटलेलं. त्या वन बीएचकेत तात्या, काकू, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. मुलगा एका वेअरहाऊसमध्ये कॉन्ट्रॅक्टवर. मुलीचं लग्न झालंय. काकू तात्यांपेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा ५२, आणि शुगर आहे.

रिटायर व्हायच्या आधी सात-आठ महिने तात्या माझ्याकडे आले ते प्लॅन ठरवूनच आले होते. गावाला घर बांधायचं, स्लॅबचं, पुढं ओटा, चौदा लाख. मुलाला टुरिस्ट गाडी घ्यायला तीन लाख. भोसरीचा फ्लॅट बक्षीसपत्र करून मुलाच्या नावावर. उरलेले बँकेत टाकायचे आणि दोघांनी गावाला जाऊन राहायचं. "आता गावाकडं जाऊन निवांत ऱ्हायाचं बघा ताई, लई झालं कंपनी-कंपनी." मला हे अगदी समजतं. सत्तावीस वर्षं तीन शिफ्टमध्ये घालवलेल्या माणसाला गावचा ओटा दिसत असतो, आणि भावकीत नाव राहावं, बांधलं म्हणावं, हे पण असतंच, त्यात चूक काहीच नाही. माण-खटावकडची निम्मी माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला आलेली, त्यांच्या डोक्यात परत जायचं कायम असतं.

आधी आकडे सांगते कारण आकड्यांशिवाय पुढचं कळणार नाही.

पीएफ साडेपंधरा लाख, मध्ये एकदा मुलीच्या लग्नाला उचल घेतली होती त्यामुळे कमी. ग्रॅच्युइटी चार लाख पाच हजार, ती अशी निघते की शेवटचं बेसिक-डीए भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं, म्हणजे २६ हजारवाल्या माणसाचे वर्षाला बरोबर पंधरा हजार, सत्तावीस वर्षांचे ४ लाख ५ हजार. शिल्लक रजेचे साधारण ९५ हजार. झाले साडेवीस लाख. आयुष्यात एवढी रक्कम एकदम कधी बघितलेली नसते, त्यामुळे ती खूप मोठी वाटते.

आणि पेन्शन? इथे प्रत्येकाला धक्का बसतो, तात्यांना पण बसला. त्यांना वाटत होतं पगाराच्या निम्मं तरी येईल. ईपीएस ९५ मध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, तसं काही नसतं. तुमचा पगार किती का असेना, पेन्शन मोजायला पगाराची मर्यादा १५ हजार, ती पण सप्टेंबर २०१४ पासून, त्याच्या आधीच्या वर्षांना साडेसहा हजार. पगार गुणिले वर्षं भागिले ७०, हा फॉर्म्युला. वीस वर्षांपेक्षा जास्त सर्व्हिस असली की दोन वर्षं वाढवून देतात, ते धरून तात्यांचं पेन्शन बसलं चार हजारांच्या आसपास. महिन्याला. आणि ते महागाईबरोबर वाढत नाही. साठपर्यंत न घेता थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढून मिळतं, पण चार हजारांवर चार टक्के म्हणजे एकशेसाठ रुपये, त्यासाठी थांबायला तात्या तयार नव्हते आणि मी पण आग्रह केला नाही.

म्हणजे त्यांच्या प्लॅनप्रमाणे साडेवीसमधून सतरा लाख पहिल्याच वर्षी संपणार, उरणार साडेतीन लाख, पेन्शन चार हजार, आणि गावची दीड एकर जिरायत, जी वाट्याने लावलेली आहे आणि जिथे पाऊस झाला तर ज्वारी.

हे सगळं मी कागदावर मांडलं तरी तात्या हलले नाहीत. म्हणाले गावाला खर्च काय असतो, भाजी शेतातली, दूध चुलत्याकडचं, चार हजारांत भागतंय. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, दोन धडधाकट माणसांचं भागेल पण, पहिली काही वर्षं. म्हणून मी पुढच्या वेळी काकूंना घेऊन यायला सांगितलं. तसंही त्यांना यावं लागणारच होतं, कारण पेन्शनच्या १०-डी फॉर्मला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, आणि काकूंचं नाव आधारवर एक आणि पीएफच्या नॉमिनेशनमध्ये माहेरचं दुसरंच होतं, ते दुरुस्त करायचं होतं. (हे ज्यांचं राहिलंय त्यांनी आजच तपासा. माणूस गेल्यावर बाईला स्वतःचं नाव सिद्ध करत ऑफिसच्या फेऱ्या माराव्या लागतात, फार वाईट वाटतं बघताना.)

काकूंची बाजू

काकू आल्या, बसल्या, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, तात्याच बोलत होते. मी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली आणि दोन कप्पे केले. एकीकडे लिहिलं दोघं असताना, दुसरीकडे लिहिलं काकू एकट्या असताना. तात्यांना ते आवडलं नाही, सरळ म्हणाले असलं अभद्र कशाला. पण मी हे प्रत्येकाच्या बाबतीत करते आणि करत राहणार, कारण आपल्याकडे नवरा बहुतेक वेळा चार-सहा वर्षांनी मोठा असतो आणि बायका जास्त जगतात, त्यामुळे ज्या पैशाला आपण माझी रिटायरमेंट म्हणतो त्यातली शेवटची आठ-दहा वर्षं खरंतर बायकोची एकटीची असतात. काकू ५२ च्या. पंच्याऐंशीपर्यंत जगल्या तर तेहेतीस वर्षं काढायची आहेत.

दुसऱ्या कप्प्यात आकडा आला दोन हजार. नवरा गेल्यावर बायकोला पेन्शनच्या निम्मं मिळतं. कमीत कमी एक हजार, तो नियम आहे, काकूंच्या बाबतीत दोन हजारांच्या आसपास. बाकी काय? भोसरीचा फ्लॅट मुलाच्या नावावर झालेला, गावाला चौदा लाखांचं घर जे विकायला काढलं तर गावात घेणार कोण, आणि साडेतीन लाखांतलं जे उरेल ते.

तात्या त्या कागदाकडे बघत राहिले. आणि तेव्हा काकू बोलल्या, आणि पैशाबद्दल बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "गाव यांचंय ताई. माझं सासर हाय ते. मी तिथं सगळी मिळून चार वर्षं राहिले, ते बी सासूच्या हाताखाली. माझी माणसं इथं हाईत."

मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. तात्यांच्या डोक्यात ते परत जाणार होते. काकूंसाठी ते परत जाणं नव्हतंच, ती त्यांची आयुष्यातली दुसरी पाठवणी होती. तात्या कंपनीत होते तेव्हा काकूंनी भोसरीत स्वतःचं एक आख्खं जग उभं केलं होतं. बचत गटाच्या खजिनदार, गटाचं कर्ज कोणी किती फेडलं ते तोंडपाठ. उन्हाळ्यात कुरडया-पापडाच्या ऑर्डरी. दर एकादशीला भजन. शुगरच्या गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यातून, तिथली सिस्टर नावाने ओळखते. शेजारच्या दोघी, ज्यांच्याकडे घराची चावी असते. हे सगळं कुठल्याही पासबुकात दिसत नाही, आणि म्हातारपणी माणसाला उभं ठेवतं ते हेच. तात्यांकडे असं काहीच नव्हतं. त्यांची सगळी माणसं कंपनीतली, आणि कंपनी सुटली की महिन्या-दोन महिन्यांत फोन कमी होतात, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय. म्हणजे ज्याच्याकडे माणसं कमी होती तो ठरवत होता, आणि जिच्याकडे होती तिला विचारलंच नव्हतं. तात्या वाईट माणूस नाहीत, अजिबात नाहीत, पण घरातले मोठे निर्णय पुरुषाने घ्यायचे आणि बाईने सामान बांधायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारायचं असतं हेच सुचत नाही.

त्यानंतर दीड-दोन महिने त्यांच्या घरात काय बोलणी झाली मला माहीत नाही. जानेवारीत दोघं परत आले तेव्हा एवढं ठरवून आले होते की राहायचं भोसरीतच, आणि गावाला जायचं ते जत्रेला, दिवाळीला, ज्वारी काढणीला, मनाला येईल तेव्हा पंधरा-वीस दिवस.

पैसे कसे लावले

गावच्या नव्या घराचा बेत रद्द करून जुन्या घराचे दोन खोल्यांपुरते पत्रे बदलले, फरशी घातली, आणि आत कमोडवालं संडास-बाथरूम केलं, साडेतीन लाख. संडासाचा आग्रह काकूंचा, गुडघे दुखायला लागल्यावर परसात कोण जाणार.

दहा लाख पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये. ही योजना साठीनंतर असते असं सगळे समजतात, पण वयोमानानुसार रिटायर झालेल्याला ५५ नंतरही उघडता येते, फक्त रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. आधी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवली. मर्यादा ३० लाख, पण या वयात मिळालेल्या पैशांइतकीच भरता येते. व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात साडेवीस हजार. नॉमिनी काकू.

चार लाख पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये, काकूंच्या एकटीच्या नावावर, ७.४ टक्क्यांनी महिना २,४६६ रुपये. हे काकूंच्या नावावरच टाका यावर मी अडून बसले होते. रक्कम लहान आहे, पण काकूंचं स्वतःचं पासबुक, स्वतःची सही, त्याला फार किंमत आहे. दोन लाख एफडी, दवाखान्याला वगैरे लगेच मोडता येईल अशी. आणि एक लाख मी दोघांना सांगून बाजूला ठेवायला लावले की हे फक्त तुमच्यासाठी, कुणाला द्यायचे नाहीत, पुरवून पुरवून वापरायचे पण नाहीत, फिरा, खा, काय करायचं ते करा.

मेडिक्लेम हा मोठा विषय. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि लोकांना हे हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं. संपायच्या आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येतो, तसा अर्ज केला, आणि जुनी वर्षं धरली गेल्यामुळे काकूंच्या शुगरला पुन्हा वाट बघावी लागली नाही. पाच लाखांची दोघांची पॉलिसी, प्रीमियम वर्षाला अडतीस हजार, जड आहे. महात्मा फुले योजना आहे, पण त्यात आजार ठरलेले आणि हॉस्पिटलं ठरलेली. आयुष्मानचं सत्तरीनंतरचं कार्ड तेव्हा सुरू झालेलं नव्हतं, आणि तात्यांना सत्तरीला अजून बारा वर्षं होती. त्यामुळे पॉलिसी ठेवायची असं ठरलं.

फ्लॅटचं बक्षीसपत्र केलं नाही. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मूळ स्टॅम्प ड्युटी अगदी नाममात्र, त्यामुळे लोक पटकन करून टाकतात. पण एकदा दिलं की दिलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलाने सांभाळलं नाही तर परत मागता येते, पण ती अट कागदावर नसली की भांडत बसावं लागतं, आणि पोटच्या पोराविरुद्ध प्रांताकडे अर्ज करायची वेळ कुणावर यावी? त्यापेक्षा मृत्युपत्र. तात्या असेपर्यंत तात्यांचं, नंतर काकूंचं, काकूंनंतर मुला-मुलीचं.

याचा त्रास झाला मुलाला, आणि ते मी लपवणार नाही. त्याने धरलंच होतं की आई-बाबा गावाला जाणार, घर मोकळं होणार, गाडीला पैसे मिळणार. तिन्ही गोष्टी गेल्या. दिवाळीपर्यंत घरात अबोला होता. शेवटी मुलगा-सून मोशीला भाड्याने राहायला गेले आणि भाड्यातले महिना तीन हजार दोन वर्षं तात्या देणार असं ठरलं, मुदत आधीच सांगून. मला हा तोडगा बरोबर वाटला. तीन लाख एकदम देऊन गाडीचे हप्ते थकले असते तर ते पैसे बुडालेच असते, इथे मदत पण होतेय आणि तिचा शेवट पण सगळ्यांना माहीत आहे. सून सकाळी कामावर जाताना नातीला काकूंकडे सोडते, त्यामुळे येणं-जाणं तुटलं नाही.

तात्यांचं काय झालं

खरी काळजी मला त्यांची होती. पहिले तीन-चार महिने बरे गेले, गावचं काम चालू होतं. मग सुरू झालं. सकाळी सहाला उठून आवरून बसायचे आणि जायचं कुठेच नसायचं. काकूंच्या मागे मागे, डाळ किती घेतली, गॅस मोठा का. काकू मला फोनवर म्हणाल्या की ताई, यांची कंपनी सुटली आणि माझी ड्युटी वाढली. ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात पाठवून बघितलं, दोन दिवस गेले, कॅरम खेळणाऱ्यांच्या शेजारी बसून आले, परत गेले नाहीत. काहींना ते आवडतं, तात्यांना नाही आवडलं. उगाच कशात तरी मन रमवा असं सांगून मन रमत नाही.

वाट निघाली ती त्यांच्या हातातल्या कामातूनच. कंपनीतल्याच एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने भोसरीत सात-आठ मशिनचं छोटं वर्कशॉप टाकलंय. त्याच्याकडे आयटीआयची पोरं येतात, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, प्रोग्रॅम पटापट टाकतात, पण साध्या लेथवर चार जॉच्या चकमध्ये (चार जबड्यांची पकड) जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, बरोबर सेंटरला बांधायचा म्हटलं की अर्धा-अर्धा तास जातो. त्याने तात्यांना आठवड्यातून तीन दिवस, सकाळी चार तास यायला सांगितलं, नऊ हजार देतो.

एकदा काही कागदावर सही घ्यायला मी तिथे गेले होते तेव्हा बघितलं. एक पोरगा जॉब बांधून घामाघूम झालेला, डायलचा काटा इकडून तिकडे पळत होता आणि तो कुठलाही जॉ आवळत होता. तात्यांनी त्याच्या हातातली चावी घेतली नाही. म्हणाले, "आधी हातानं फिरव. काटा कुठं सगळ्यात वर जातो बघ. आता त्याच्या बरोबर समोर आण, तिथं किती? फरकाच्या निम्मंच सरकवायचं. समोरचा जॉ सैल कर, मग वरचा आवळ. दोनच जॉ धर, बाकीच्या दोघांकडं बघू पण नको." पोराने केलं. काटा थोडा थोडा शांत होत गेला, तिसऱ्या-चौथ्या फेरीला जवळपास जागेवर थांबला. तात्या काही न बोलता पुढच्या मशिनवर गेले, पण त्यांची चाल बदलली होती, रिटायरमेंटच्या दिवशी नारळ-शाल घेऊन आले तेव्हाची ती नव्हती.

नऊ हजार रुपयांनी हिशोब बसला हे खरंच. पेन्शन चार, व्याजाचे महिन्याला पडतात ते सहा हजार आठशे, काकूंचे अडीच, आणि हे नऊ, असे बावीस हजारांच्या वर. घरखर्च चौदा, मेडिक्लेमचे महिन्याला तीन हजार दोनशे, मुलाला तीन. दोन हजार राहतात त्यांची आरडी लावलीय, कारण महागाई सहा टक्क्यांनी जरी धरली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि पोस्टाचं व्याज तेवढंच राहतं. पण नऊ हजारांपेक्षाही कुणीतरी आपल्याला विचारतंय, आपल्या हातातलं अजून कुणाला तरी हवंय, हे त्यांना जास्त लागत होतं. म्हणून मी आता प्रत्येकाला रिटायर व्हायच्या आधीच विचारते की तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याला शिकायला दोन वर्षं लागतील. बरेच जण काही नाही म्हणतात, आणि मग पाच मिनिटांनी बोलायला लागतात.

एक लाखाचं काय केलं? मुलीला घेऊन तिघं पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करून आले, एसटीनेच, काकूंना आणि मुलीला अर्धं तिकीट, तात्यांना पूर्ण कारण त्यांची सवलत पासष्टनंतर. चैत्रात गावाला जाऊन वीस दिवस राहिले. काकू म्हणाल्या की आता सासरी जायला बरं वाटतं, कारण परत यायची तारीख माहीत असते.

सगळं सुटलंय असं नाही. मृत्युपत्र लिहून तयार आहे, रजिस्टर करायचं तात्या अजून पुढे ढकलताहेत, साक्षीदार म्हणून भावकीतला माणूस घ्यायचा का बाहेरचा यावर अडलंय. मुलाचं भाडं २०२६ मध्ये बंद होणार, तेव्हा परत विषय निघणार. चार तास उभं राहून तात्यांच्या पोटऱ्या दुखतात, त्यामुळे हे काम तीन-चार वर्षांच्या पुढे जाईल असं धरून चालता येत नाही, आणि पोस्टातले दहा लाख २०२९ ला मॅच्युअर होतील तेव्हा तीन वर्षं वाढवायचे का काही काकूंच्या नावावर वळवायचे हे तेव्हाचा व्याजदर बघून ठरवावं लागेल. पुढच्या महिन्यात हयातीच्या दाखल्याला दोघं येणारेत, तेव्हा मृत्युपत्राची तारीख पक्की करून घेणार आहे, या वेळी काकूंनीच तसं बजावलंय.